अण्णांचे बोलायचे दात

मी एक जुनी कवळी आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, मनसोक्त हसा. माझ्याकडे पाहून कुणी हसलं नाही, असं आजवर झालेलं नाही. वरची आणि खालची अशा खरं तर आम्ही दोघी. पण आम्ही जन्माला एकदमच आलो आणि एकमेकींवाचून आमचा कवडीचा उपयोग नाही, म्हणून मी आपलं 'मी'च म्हणते. डोंबिवलीतल्या एका कौलारू घरात पितळी पेल्यात माझा मुक्काम असतो. पेल्यात पाणी, पाण्यात मी, आणि दिवसभर घरात चकार शब्द निघत नाही. बोलण्यासाठी माझा जन्म झाला आणि बोलायलाच कुणी नाही. म्हणून आज तुम्हाला धरून बसवलं आहे. कंटाळलात तरी उठू नका.

माझा जन्म कल्याणचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची तिथे मोठी छावणी होती. त्यातल्या एका बराकीत लोकूमल नावाचा दंतवैद्य बसायचा. शिकारपूरला म्हणे त्याचं मोठं दुकान होतं. इथे एक टेबल, एक स्टोव्ह आणि कुठल्याशा न्हाव्याकडून घेतलेली खुर्ची. गिऱ्हाइकाच्या तोंडात मऊ मेण धरायचं, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायचा, साच्यात लाल रबर भरायचं, त्यात चिनीमातीचे दात रोवायचे आणि ते सगळं झाकणबंद भांड्यात वाफेवर शिजवायचं. अशी मी शिजले. म्हणून कुणी मला कच्ची म्हणालं की माझा संताप होतो.

ज्यांच्यासाठी मी शिजले ते अण्णा. कल्याणच्या एका शाळेत ते संस्कृत शिकवायचे. हिरड्यांच्या दुखण्याने पंचावन्न वर्षांच्या आतच त्यांचे सगळे दात गेले. आता मित्रांनो, जरा त, थ, द, ध, न म्हणून पाहा. जीभ कुठे टेकते? दातांच्या मागे. ज्याला दातच नाहीत त्याने जीभ टेकवायची कुठे? वर्गात अण्णांच्या तोंडून अक्षराऐवजी वारा जाऊ लागला. मुलं पहिल्यांदा गालात हसली, मग उघड हसली. संस्कृतच्या मास्तराला याहून मोठी शिक्षा कोणती? अण्णांनी स्वतःहून शाळा सोडली आणि घरी येऊन गप्प बसले.

लोकूमलने मला प्रथम त्यांच्या तोंडात बसवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. तो म्हणाला, "बोलो मास्टरजी, कुछ भी बोलो. डंद ठीक बैठे कि नहीं?"

अण्णांनी डोळे मोठे केले. "काय म्हणालात? डंद?"

"हां. हमारे सिंध में दांत को डंद बोलते हैं."

"दंत!" अण्णा म्हणाले. मी उच्चारलेला हा पहिला शब्द. कसा खणखणीत आला! अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, तुमचा डंद, आमचा दात, इराणी लोकांचा दंदान, साहेबाचा डेंटिस्ट, सगळे एका घरचे हो! वेदाच्या काळापासून चालत आलाय हा शब्द. तुम्ही आणि आम्ही भाऊबंद निघालो."

लोकूमलने हातातलं फडकं पिळून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "घर उधर रह गया, दुकान उधर रह गई. ये लफ्ज साथ आ गया, और मुझे पता ही नहीं था."

घरी आले तर दारात गोदाताई उभ्या. अण्णांची थोरली बहीण, बालविधवा. अण्णांची बायको कुमुद वारली तेव्हा त्यांची मुलगी उत्तरा तीन वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या गोदाताईंनी. माया अपार, पण सोवळं त्याहून अपार. आमची नजरानजर झाली आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

"अण्णा, ही हाडं तोंडात घालून माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

"अगं गोदाताई, चिनीमाती आहे ती. माती!"

"म्हणून तर सांगते. त्या मातीत हाडांची पूड असते. कपबशीला बोट लावते का मी कधी?"

खरंच लावत नसत. चहासुद्धा कल्हईच्या पेल्यातून प्यायच्या. अण्णांनी दातांच्या कण्या केल्या, म्हणजे माझ्या केल्या, पण त्या बधल्या नाहीत. शेवटी तह झाला. कवळी ओटीवरच्या कोनाड्यात राहील, स्वयंपाकघरात आणि देवघरात येणार नाही, आणि अण्णा जेवतील ते तिच्यावाचून. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं हत्तीबद्दल म्हणतात. आमच्या घरी खायचे दात नव्हतेच. अण्णा आत बसून मऊ भात कालवून गिळायचे आणि मी बाहेर कोनाड्यात ताटल्यांचे आवाज ऐकत उपाशी बसायचे.

पण एक गंमत सांगू? जवळच्या पाथर्ली गावातून आवडाबाई भाजी घेऊन यायची. शेतकरी बाई, नवरा मिठागरावर कामाला. गोदाताई आत गेल्या की ती टोपलीतली कोवळी काकडी हळूच अण्णांच्या पुढे करायची. "खावा अन्ना. ताई देवाकडं हाय." मग आम्ही दोघं कराकरा काकडी खायचो. मला त्या आवाजाचं केवढं कौतुक! अण्णा मान हलवत म्हणायचे, "आवडाबाई, तुला पुण्य लागेल हो." ती तोंडाला पदर लावून हसायची.

माझे चांगले दिवस सुरू झाले ते अण्णांनी ओटीवर शिकवणी काढली तेव्हा. गावातली पोरं संध्याकाळी पाट घेऊन जमायची. उत्तरा तेव्हा मोठी झाली होती, पण तीही दाराशी बसून ऐकायची. अण्णांचा आवडता धडा म्हणजे एक शब्द, दंत. तो शिकवताना ते मला सरळ तोंडातून काढून हातावर धरायचे. पोरं किंचाळायची. शकू नावाची एक मुलगी तर ओटीवरून खालीच उडी मारायची. मग अण्णा दात नसलेल्या तोंडाने 'दंत' म्हणायचे, आणि नुसता वारा ऐकू यायचा. मला बसवून पुन्हा म्हणायचे, आणि शब्द वाजायचा.

"पाहिलंत? दंत हा शब्द दंतावाचून म्हणता येत नाही. किती मानी शब्द आहे!"

मग त्याची कुळकथा. जुने वैयाकरण म्हणत, हा 'दम्' या धातूपासून आला. दंत म्हणजे दमवणारा, ताब्यात आणणारा. नवे पंडित म्हणतात 'अद्' पासून, अद् म्हणजे खाणं. खाणारा तो दंत. "सुरुवातीचा अ कुठे गेला, अण्णा?" कुणी विचारायचं. "पडला! तुझा दुधाचा दात पडला तसा." पोरं खिदळायची. दंत म्हणजे हत्तीचा सुळा, म्हणून तर आपला गणपती एकदंत. वीणा छेडायची खुंटी, तीही दंत. जुन्या ज्योतिषांच्या श्लोकांत दंत म्हणजे बत्तीस. आणि डोंगराचा सुळकाही दंत. असं म्हणून ते दूर मलंगगडाकडे बोट करायचे. निळ्या आभाळात त्याचे सुळके उभे असायचे आणि सगळी पोरं माना वळवून पाहायची, जणू आजच कुणी तो डोंगर तिथे आणून ठेवला आहे.

"पण अण्णा, कवळीला तर अठ्ठावीसच दात आहेत," बाळ नावाच्या मुलाने एकदा मोजून सांगितलं.

"मग ही बिचारी चाराने कमी दंत," अण्णा म्हणाले. मला जरा लागलं ते. पण अण्णांचं बोलणं, मनावर कसं घ्यायचं?

'खाणारा' म्हटलं की मला हसू यायचं. कधी तरीची काकडी सोडली तर या खाणाऱ्याला अन्न माहीत नव्हतं. पण मी बोलत होते. संध्याकाळभर बोलत होते. उपाशी राहूनही मी तेव्हा सुखी होते, मित्रांनो.

एकोणीसशे बावन्न साली उत्तराचं लग्न ठरलं. ठाण्याचा मुलगा, आनंद नावाचा, सरकारी कचेरीत नोकरीला. अण्णांनी लेकीसाठी स्वतः एक मंगलाष्टक रचलं. शार्दूलविक्रीडित वृत्तात, अगदी घोटून. त्यात एक शब्द होता, सुदती. सुंदर दातांची ती सुदती. हा शब्द उत्तराच्या आईसाठी होता. कुमुद हसली की सगळं घर उजळायचं, असं अण्णा सांगत. श्लोकाचा अर्थ असा होता, की ज्या सुदतीचं हसू तुझ्या ओठांवर उतरलं आहे ती आज तुझ्या पाठीशी उभी आहे. उत्तराला आईचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णा तिला म्हणाले, "उद्या तुझी आई येणार आहे बरं का लग्नाला." तिला काही कळलं नाही. मला कळलं. कितीतरी दिवस त्या एका शब्दाचा सराव आम्ही दोघं परसात विहिरीजवळ करत होतो.

लग्नाच्या सकाळी अंगणात मांडव भरला. अण्णा ओटीवर आले, मला पेल्यातून काढून त्यांनी तोंडात बसवलं. तेवढ्यात गोदाताई आल्या. ओलेत्याच होत्या, आणि चेहरा पांढराफटक.

"अण्णा, आज एवढं माझं ऐक. देवक बसलंय, होम व्हायचाय. हाडं तोंडात घेऊन मंगलाष्टक म्हणू नकोस."

"गोदाताई, तुला किती वेळा सांगितलं..."

"सांगितलंस. तुझ्या लग्नात माझ्या हातून अक्षतांचं ताट पडलं, तेव्हाही तू असाच हसला होतास. किती जगली कुमुद?"

अण्णा उभेच राहिले. सगळी विद्या त्यांच्या जिभेवर होती. चिनीमाती कशी होते, हाडं कशात असतात नि कशात नसतात, सगळं सांगता आलं असतं. पण समोर लेकीचा संसार होता. शहाण्या माणसालाही लेकराची भीती घातली की त्याची दातखीळ बसते. "पोरीला काही भोगावं लागलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" असं म्हणून गोदाताई रडायलाच लागल्या.

अण्णांनी मला काढलं आणि पेल्यात ठेवलं. "नको रे अण्णा, नको!" मी ओरडले. पण तोंडाबाहेरच्या कवळीचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

अंतरपाट धरला गेला. भटजी म्हणाले, "आता वधूपिता." अण्णांनी सुरुवात केली. चाल बरोबर होती, सूर बरोबर होता, शब्द मात्र फुसफुसत होते. सगळं वऱ्हाड कान देऊन ऐकू लागलं. सुदती हा शब्द आला आणि नुसता वारा गेला. अण्णा थांबले. पुन्हा म्हणाले. पुन्हा वारा. वरपक्षातल्या तरुण पोरांत खसखस पिकली. "अरे, म्हाताऱ्याचे दात घरी राहिले वाटतं!" कुणी तरी म्हणालं.

मांडवाच्या टोकाला आवडाबाई उभी होती. तिचा आवाज चढला, "गप रवा रे! हसताव कनाला? पोरीचा बापूस हाय तो!"

पण व्हायचं ते झालं होतं. भटजींनी प्रसंग सावरायला मोठ्याने 'सावधान' म्हटलं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. उत्तराची आई मांडवाच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. मी कोनाड्यातून सगळं ऐकत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी मला उचललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरं पाट घेऊन आली, त्यांना त्यांनी हातानेच परत पाठवलं. पुढे पोरं यायची थांबली. गोदाताई समोर असल्या की अण्णा मान खाली घालून भात गिळायचे. भांडण नाही, रुसवा नाही, नुसती शांतता. ओटीवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

माझ्या पेल्यातलं पाणी आटलं. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या दाढांमध्ये जाळं विणलं. मला रोज वाटायचं, आज अण्णा येतील. पावलं वाजली की मी सावध व्हायचे. पावलं पुढे निघून जायची. कधी तरी आवडाबाई येता-जाता पेल्यात थोडं पाणी ओतायची आणि म्हणायची, "सुकलीस गो बाय." तेवढ्यावर मी दिवस काढायचे. उत्तरा दिवाळीला येऊन विचारायची, "अण्णा, कवळी का हो लावत नाही?" अण्णा नुसते हसायचे, तोंड मिटून.

अशी चार वर्षं गेली आणि अण्णा अंथरुणाला खिळले. उत्तरा आपल्या लहानग्या हेमाला घेऊन ठाण्याहून आली. वडिलांच्या उशाशी बसून म्हणाली, "अण्णा, माझं मंगलाष्टक अर्धंच राहिलं हो. काय होतं त्यात?" अण्णांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तेव्हा गोदाताई दारातून म्हणाल्या, "मी काढायला लावली ती कवळी, उत्तरा. माझ्या भीतीने मी त्याला मुकं केलं. तुझ्या आईसाठी श्लोक होता तो."

उत्तराने आत्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, अण्णा म्हणाले होते, आई येणार आहे. तुम्ही तिला दारातच अडवलंत."

गोदाताईंनी डोळे पुसले नाहीत. त्या सरळ ओटीवर आल्या. ज्या बाईने मला कधी बोट लावलं नव्हतं, तिने मला दोन्ही हातांनी उचललं. विहिरीवर नेऊन माझ्यावरचं जाळं काढलं, चोळून चोळून धुतलं. आणि परत येताना परसदारातून, स्वयंपाकघरातूनच मला आत घेऊन गेल्या. मी चूल पाहिली, भाताचं पातेलं पाहिलं, कल्हईचे पेले पाहिले. इतकी वर्षं ज्यांचे आवाज ऐकले ती भांडी ही, असं माझ्या मनात आलं.

"अण्णा, घाल रे," त्या म्हणाल्या.

अण्णांनी तोंड उघडलं. मी आत गेले. आणि मित्रांनो, मी बसेना! चार वर्षांत हिरड्या झिजून गेल्या होत्या. ज्या तोंडाच्या साच्यातून मी जन्मले ते तोंडच राहिलं नव्हतं. मी इकडून धरायला गेले तर तिकडून निसटले. अण्णांनी एकदा, दोनदा प्रयत्न केला. मग त्यांनी मला काढून हळूच गोदाताईंच्या हातावर ठेवलं.

"मी आत्ता छावणीत जाते, लोकूमलकडून नीट करून आणते," म्हणत उत्तरा उठली. अण्णांनी तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. तेवढा वेळ नव्हता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि तशाच बोळक्या तोंडाने मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली.

वारा येत होता. पण उत्तराने ओटीच्या दाराशी बसून अण्णांचा धडा कितीदा ऐकला होता. जीभ कुठे टेकायला निघाली आणि कुठे टेकू शकली नाही, हे ती पाहत होती. जिथे अण्णांचं अक्षर हवेत विरत होतं तिथे ती आपलं अक्षर ठेवत होती. सूर त्यांचा, त, द, ध, न तिचे. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग तो शब्द आला. अण्णा थांबले आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"सुदती," उत्तरा म्हणाली. स्वच्छ म्हणाली.

अण्णा हसले, तोंड न मिटता. गोदाताईंनी मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की त्यांचे हुंदके मला माझ्या रबरात जाणवत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, अण्णांचे दात म्हणजे मी. त्या दिवशी कळलं, त्यांचे दात त्यांनी केव्हाच लेकीच्या तोंडात पेरून ठेवले होते. मला जरा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटलं.

त्याच आठवड्यात अण्णा गेले.

आता घरात गोदाताई आणि मी. त्यांनी मला कोनाड्यात परत ठेवलं नाही. देवघरात नाही, पण देवघर दिसेल अशा फळीवर ठेवलं. त्यांचेही दात आता गेलेत. उत्तरा कवळी करून घ्या म्हणते, तर त्या म्हणतात, "मला आता कुणाशी बोलायचंय?" रोज सकाळी आंघोळ झाली की त्या पेल्यातलं पाणी बदलतात आणि हळूच म्हणतात, "अण्णा, पाणी बदललं हं." बस, दिवसाचं बोलणं तेवढंच. बाकी दुपार कौलांवर ऊन सरकत जातं ते आम्ही दोघी पाहत बसतो.

यंदा सुट्टीत हेमा आली आणि तिचा पहिला दुधाचा दात पडला. आवडाबाई म्हणाली, "कौलावर टाक पोरी, उंदीर नवा देल." हेमा मूठ मिटून अंगणात धावली. थोड्या वेळाने परत आली, पाटावर चढली आणि दात माझ्या पेल्यात टाकला. टुबकन आवाज झाला.

"अगं, हे काय केलंस?" गोदाताई म्हणाल्या.

"आजी, आई म्हणते या कवळीला कधी जेवायलाच मिळालं नाही. म्हणून तिला एक खाणारा दात दिला."

गोदाताई हसल्या, बोळक्या तोंडाने, पदर न लावता. तो इवलासा दात अजून माझ्या शेजारी तळाशी बसला आहे. आता मी फक्त तीनानेच कमी दंत.

मित्रांनो, तुमचा दात पडला तर तो खुशाल उंदराला द्या, त्याचा मान आहे. दात घासा, जपा, हेही सांगायला हवं, कवळीने नाही सांगायचं तर कुणी? पण एक मागणं माझं स्वतःचं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस गप्प बसून असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "बोला ना. आम्ही ऐकतो." अक्षर निसटलं तर हसू नका, तुमचं त्याच्या जागी ठेवा. मलाही कुणी तरी एकदा तेवढं म्हणेल, या आशेवर मी इथे पाण्यात ओली राहिले आहे.